जिथे वाचणं थांबलं तिथली खूण

माझी मावशी वर्गात मला ‘मॅडम’ म्हणायची आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की ‘अगं ए’. मध्ये फक्त एक उंबरठा. लहानपणी जिने मला न्हाऊमाखू घातलं, दोन-चार धपाटेही घातले, तिने पहिल्या बाकावर ताठ बसून हात वर करावा आणि “मॅडम, जरा विचारू का?” म्हणावं, याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. त्यात तिचे प्रश्न असे, की उत्तर देता देता मलाच घाम फुटायचा.

मावशी टपालखात्यात होती, पत्ता न लागलेल्या पत्रांच्या विभागात. एकोणतीस वर्षं. पावसात शाई फिसकटलेली, घर नंबर विसरलेली, ‘चक्कीमागच्या थोरल्या काकांना’ एवढ्याच पत्त्यावर टाकलेली पत्रं फिरून फिरून शेवटी तिच्या टेबलावर येत. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर पत्र उघडून आत काही माग लागतो का ते बघायचं, हे तिचं काम.

ती खोली मी एकदाच पाहिली, तीही दाराच्या काचेतून. लांबट खोली, उत्तरेला खिडक्या, सहा टेबलं आणि प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या. पाकीट एकट्याने उघडायचं नाही, असा नियम. एकीने पातळ सुरीने कड कापायची, दुसरीने बघायचं. मग वाचायला लागायचं, आणि ज्या ओळीत गावाचं, गल्लीचं, दुकानाचं नाव सापडेल त्या ओळीवर थांबायचं. पुढचा एक शब्द वाचायचा नाही. तिथे समासात पेन्सिलीने आडवी रेघ मारायची आणि शेजारी आपल्या नावाची दोन अक्षरं घालायची. याला ते थांबखूण म्हणत. कोण किती आत शिरलं होतं, ते साहेबांना त्यावरून कळायचं.

मावशीच्या रेघा सगळ्यांत वर असत. तिसऱ्या-चौथ्या ओळीतच ती माग काढायची. लोकांच्या घरातलं काही म्हणजे काही तिला ठाऊक नव्हतं आणि याचाच तिला कोण अभिमान. “मी पत्रं वाचत नाही, पत्ते वाचते,” असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे येत काहीतरी चटपटीत ऐकायला. हात हलवत परत जात.

घरी तिचा धाकटा भाऊ होता. माझा मामा. वयाने पन्नाशीचा, समज आठ-नऊ वर्षांची. आजी-आजोबा गेले, मग माझी आई गेली, तेव्हापासून तो मावशीचाच. दिवसभर शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंकडे बसून तो रंगांप्रमाणे बटणं लावायचा आणि साडेपाच झाले की घरच्या खिडकीत उभा. मावशी दिसली की वरूनच विचारायचा, “ताई, आज किती?”

“सदतीस.”

“मग? काय होतं त्यात?”

“मला काय माहीत! मी नाही वाचत.”

“बरोबर. तू पत्ते वाचतेस,” असं म्हणून तो दार उघडायचा. रोज हेच. यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला मी कधी ऐकला नाही.

मग खात्यात यंत्र आलं. पत्ते आता यंत्रच वाचणार. माणसं लागणार ती फक्त परदेशातून आलेल्या इंग्रजी पत्रांसाठी. त्यासाठी इंग्रजीची वरची परीक्षा पास हवी. बाकीच्यांची बदली पार्सलच्या गोदामात, चार तासांवरच्या गावी. राहायला वसतिगृह, एका खोलीत चौघी. “भावाला तिथे नेता येणार नाही, पण अशा लोकांसाठी संस्था असतात,” असं साहेबांनी फार मायेने सांगितलं. संस्था आम्हाला माहीत होती. आई गेली तेव्हा मामाला तीन दिवस तिथे ठेवलं होतं. तीन दिवस तो जेवला नाही, खिडकीतून हलला नाही. तेव्हाच मावशीने कानाला खडा लावला होता.

म्हणून ती माझ्या वर्गात आली. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी वर्ग घेते. शिकवते म्हणजे काय, पास करते. माझ्याकडे गाइड आहे, नऊ वर्षं तेच आहे, आणि माझा निकाल कधी ऐंशी टक्क्यांच्या खाली आलेला नाही. वर्गात तेव्हा एक बसड्रायव्हर होता, एक नर्स होती, दोन कारकून होते, आणि शेवटच्या बाकावर मामा, कारण रविवारी काकूंचं दुकान बंद. भाषा मावशीला बऱ्यापैकी येत होती. पाकिटांवरचं इंग्रजी वाचण्यात तिची हयात गेली होती. घोडं अडलं ते परीक्षेतल्या साहित्याच्या भागापाशी.

पहिली कविता होती कुंपणावर अडकवलेल्या हातमोज्यावर. बारा ओळी. मी वाचली, अर्थ सांगितला आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: ही कविता वाचून तुम्हाला काय वाटलं?

मावशीचा हात वर. “मॅडम, हातमोजा कुणाचा?”

“ते कवीने सांगितलेलं नाही.”

“शोधलं का कुणी?”

“शोधायचं नसतं हो. तुम्हाला काय वाटलं ते लिहायचं.”

“माझ्या वाटण्याला काय करायचंय?” ती खरोखरच गोंधळून म्हणाली. “एकोणतीस वर्षांत साहेबांनी एकदाही विचारलं नाही. आणि मला एक वाटलं नि ह्या शेजारच्यांना दुसरं वाटलं तर बरोबर कुणाचं?”

“दोघांचंही बरोबर असू शकतं.”

“एका पत्राचे दोन पत्ते?”

ड्रायव्हर म्हणाला, “आमच्याकडे हरवलेल्या सामानाची पेटी आहे, त्यात टाका तो हातमोजा.” वर्ग हसला. मावशी हसली नाही. तिने वहीत लिहिलं: ‘मालक अज्ञात. कवी ताकास तूर लागू देत नाही.’ मी शून्य दिलं. द्यायला नको होतं, पण माझ्या नाकावर तेव्हा राग होता.

पुढच्या रविवारी गोष्ट होती. एक बाई घरात भाडेकरू ठेवते. त्यातला एक तरुण काही न सांगता निघून जातो. बाई रोज जेवणाच्या टेबलावर त्याची ताटली मांडत राहते आणि बाकीचे भाडेकरू तिला हसतात. परीक्षेत प्रश्न ठरलेला: ताटलीचं महत्त्व स्पष्ट करा. गाइडात उत्तर ठरलेलं: ताटली हे बाईच्या एकाकीपणाचं प्रतीक आहे. मी म्हटलं, हे वाक्य पाठ करा आणि सुटा. सगळ्यांनी केलं.

मावशीने लिहिलं: ‘तरुण बंदरावर गेला असावा. बुटांना डांबर होते. शुक्रवारी जहाजांच्या वेळा बघत असे. शोध तिथे घ्यावा.’

मी चिडले. पालथ्या घड्यावर पाणी! तिचं पुस्तक ओढून घेतलं आणि बघते तर दुसऱ्या पानावर, चौथ्या परिच्छेदाशी, समासात पेन्सिलीची बारीक आडवी रेघ. शेजारी तिची दोन अक्षरं. मागची पानं उलटली. प्रत्येक धड्यात तेच. कुठे आठवी ओळ, कुठे बारावी.

“म्हणजे तू पुढचं वाचलंच नाहीस?”

“वर्गात ‘तुम्ही’ म्हणा, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “आणि पत्ता लागल्यावर पुढे कशाला वाचायचं? ते त्या माणसांचं खाजगी.”

“ती माणसं खरी नाहीत!”

“तरीपण.”

मी कपाळावर हात मारणार, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला. “मग? त्या ताटलीचं काय झालं?”

मामा उभा राहिला होता. मी गाइड उघडलं. गाइडात प्रतीक होतं, एकाकीपणा होता, दहा गुणांसाठी पाच मुद्दे होते. ताटलीचं काय झालं ते नव्हतं. पाठ्यपुस्तकात गोष्ट शेवटी कापलेली. खाली बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ असं छापलं होतं. “मूळ गोष्ट मोठी आहे,” मी म्हणाले.

“तुम्ही वाचली असेल ना, मॅडम?” मावशीने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, सरळ विश्वास होता. म्हणून जास्तच लागलं.

मी वाचली नव्हती. नऊ वर्षं शिकवत होते आणि वाचली नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! वर्ग सुटला. उंबरठ्याबाहेर आल्याबरोबर मावशी म्हणाली, “अगं ए, तूसुद्धा उत्तर सापडलं की थांबतेसच की.”

त्या आठवड्यात मी ग्रंथालयातून ते जुनं पुस्तक शोधून आणलं आणि शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर चहाचे तीन कप आणि मामाच्या बटणांचा डबा. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत होते. चौथ्या परिच्छेदाशी डांबराचे बूट आले आणि मावशीचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल नव्हती. मामा तिच्यावर बसला होता.

“ऊठ.”

“मग पुढे?” मामा म्हणाला आणि उठला नाही.

शेवटाला वर्षं उलटतात. एका संध्याकाळी कुणा भाडेकरूच्या हातून एक ताटली फुटते. टेबलावर एक कमी पडते. बाई सगळ्यांना वाढते, मग त्या मांडून ठेवलेल्या ताटलीत स्वतःचं वाढून घेते आणि जेवते. मग उठून ती धुते आणि बाकीच्या ताटल्यांवर ठेवते. संपली गोष्ट.

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी तिला आईच्या वेळीही इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

“तिने आशा सोडली,” मी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

“सोडली कशाला? जेवली गं ती. इतकी वर्षं नीट जेवलीच नसेल.”

“तिची ताटली फुटली,” मामा म्हणाला. “म्हणून.”

मावशीने नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. “आता बरोबर कुणाचं?”

“परीक्षकाचं,” मी म्हणाले. पण मला स्वतःलाच कळेना. तिघांचंही गोष्टीत बसत होतं आणि गाइडातलं वाक्य मात्र कुठेच बसत नव्हतं. मी त्या दिवशी घरी जाताना एक वळण चुकले.

तिला मी शेवटची विनवणी केली: गाइडातलं पाठ कर, चाळीस गुण मिळव, मोकळी हो. ती ऐकेना. “दुसऱ्याने शोधलेलं माझ्या सहीखाली कसं घालू?” मी वैतागून विचारलं, ऑफिसात माग लागला की कागदावर लिहितेस तरी काय? तिने लगेच म्हणून दाखवलं: “आतील मजकुरावरून असे दिसते की. मग कशावरून दिसतं ते, ओळीसकट. मग खात्री किती, तेही.”

साहित्याचं उत्तर लिहिण्याची याहून चांगली रीत मला कुणी शिकवली नव्हती. “हेच लिही,” मी म्हणाले. “फक्त ‘पत्र कुठे पाठवावे’ याऐवजी ‘बाईच्या मनात काय असावे’ लिही. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय रेघ मारायची नाही.”

“माणसाच्या मनाचा माग,” ती पुटपुटली. “हा तर कधीच लागत नाही.”

“म्हणून तर खात्री किती ते लिहायचं.”

तीन महिने ती तसं लिहीत राहिली. तो हातमोजाही तिने पुन्हा काढला. ‘आतील मजकुरावरून असे दिसते की हातमोजा शोधत कुणी आलेले नाही. ज्याने उचलून कुंपणावर ठेवला त्याला मात्र वाटते की कुणी येईल. खात्री निम्मी.’ मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. नर्स म्हणाली, “आमच्या वॉर्डात पण असंच असतं.” ड्रायव्हरने त्या दिवशी विनोद केला नाही. मी शून्य खोडून नऊ केलं आणि मला उगाच लाज वाटली.

परीक्षेत सेहेचाळीस मिळाले. चाळिसाला पास. गोदामाच्या यादीतून नाव निघालं, मामा खिडकीत राहिला, आणि मी साऱ्या गावाला पेढे वाटावेत तसं सगळ्यांना सांगत सुटले. आमची गोष्ट इथे संपली असं मला वाटलं. मीही तिथेच माझी रेघ मारली म्हणा.

चार महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला. “आज ऑफिस सुटल्यावर येशील? चालत घरी जाऊ.”

टपालखात्याच्या मागच्या दारातून ती बाहेर आली आणि आम्ही चालायला लागलो. कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान गेलं, दवाखाना गेला. मग म्हणाली, “साहेबांनी आज बोलावलं होतं. माझी पत्रं टेबलावर पसरून ठेवली होती. सगळ्या रेघा तळाशी.”

मला आधी कळलंच नाही.

“शेवटच्या ओळीखाली, अगं. सगळ्यांच्या. रोज चाळीस निघायची, आता वीसही निघत नाहीत. वरच पत्ता लागतो, दिसतो मला, पण हात रेघ मारत नाही. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय...” ती थांबली. “साहेब म्हणाले, एकोणतीस वर्षांत असं कधी झालं नाही. पुन्हा एक रेघ तळाशी दिसली तर गोदाम.”

“तू वर मार ना रेघ. वाचलं तरी वर मार.”

“खोटी खूण?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघायला लागले. “एका बाईने मुलाला लिहिलंय. सहा पानं. तो वारला, ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण त्याच्याच घरमालकाचं पत्र परवा माझ्याच टेबलावर आलं होतं. पूर्वी दोन्ही पत्रं निघून गेली असती. दोन पत्ते, बस. आता ती बाई माझ्यासोबत जेवायला बसते.” मग तिने माझा दंड धरला. “तू वाचायला शिकवलंस. आता थांबायचं कसं ते शिकव.”

माझ्या गाइडात ते नाही. मी तिला वाचवलं की बिघडवलं, हे मला त्या रस्त्यावरही समजत नव्हतं आणि आजही समजत नाही. राग आला, तिचा नाही, साहेबांचाही नाही, कुणाचा ते सांगता येणार नाही. “उद्यापासून जरा मन घट्ट कर,” असं काहीतरी मी म्हणाले. शिक्षकाला काही सुचलं नाही की तो असंच बोलतो.

“करतेय,” ती म्हणाली. “शेवटची चार आज वर थांबवली. दिवसभर ती चारच डोक्यात आहेत.”

साडेपाच वाजून गेले होते. मामा खिडकीत होता. आम्हाला पाहून त्याने दोन्ही हात हलवले.

“ताई, आज किती?”

“एकोणीस.”

“मग? काय होतं त्यात?”

मावशीने वर पाहिलं. या एका प्रश्नाचं उत्तर तिने वर्षानुवर्षं रोज खरं दिलं होतं. ज्याच्यापासून दूर जावं लागू नये म्हणून ती हे सगळं शिकली, तोच विचारत होता.

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “मी नाही वाचत.”

“बरोबर,” मामा खुशीत म्हणाला. “तू पत्ते वाचतेस.”

तो दार उघडायला आत वळला. मावशी पायरीवर उभीच राहिली. तिने माझा दंड सोडला नव्हता, आणि दार उघडलं तेव्हा तिला त्याच्याकडे बघता आलं नाही.